जुनी घड्याळं: नाव तेव्हाचं, भाव आताचा

मागच्या अंकात जुन्या मनगटी घड्याळांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि ते ढिगाने आले, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. बऱ्याच जणांनी फोटो पाठवून फक्त "याचे किती येतील" एवढंच विचारलंय, तर फोटोवरून भाव मी सांगणार नाही, पण भाव कशाने चढतो आणि कशाने पडतो ते मात्र सविस्तर सांगते.

प्रश्न: आजोबांचं १९४० च्या दशकातलं लाँजिन माझ्याकडे आहे. घड्याळातलं कळणारा एक मित्र म्हणतो लाँजिन म्हणजे मधल्या फळीचा ब्रँड, ओमेगाच्या खालचा. आजोबा तर ते एकदम भारीतलं म्हणून जपायचे. कोण बरोबर?

दोघंही बरोबर, फक्त दोघं वेगवेगळ्या लाँजिनबद्दल बोलतायत. मित्र आज शोरूममध्ये दिसणाऱ्या लाँजिनबद्दल बोलतोय आणि आजोबा त्यांच्या वेळच्या. नाव तेच राहतं हो, पण त्या नावामागचा मालक, कारखाना, आतलं मशीन सगळं बदलत जातं आणि आपण आजच्या नावावरून सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या वस्तूला मार्क देऊन मोकळे होतो.

लाँजिनची सुरुवात १८३२ ची, स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिए गावातली. १८६७ मध्ये त्यांनी सगळं काम एका छपराखाली आणणारा कारखाना काढला, आणि त्यानंतर जवळपास शंभर वर्षं ही कंपनी स्वतःची मशीनं स्वतः बनवायची, तीही अशी की आजही घड्याळजी पाठचं झाकण उघडल्यावर दोन मिनिटं नुसतं बघत बसतात. १९३६ मध्ये आलेलं १३झेडएन हे क्रोनोग्राफचं (म्हणजे आत स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाचं) मशीन आणि नंतर १९४७ चं ३०सीएच, ही दोन्ही त्या काळातल्या सर्वोत्तमपैकी धरली जातात. यांच्यात सेकंद मोजणारा काटा पळत असतानाच एका दाबात शून्यावर यायचा आणि तिथूनच परत सुरू व्हायचा, थांबवा-शून्य करा-चालू करा असे तीन उद्योग नाहीत, म्हणून विमान चालवणाऱ्यांना ते फार सोयीचं. तेव्हा लाँजिन कुणाच्याही खाली नव्हतं.

मग क्वार्ट्झ आलं, म्हणजे चावीऐवजी बॅटरीवर चालणारं घड्याळ, आणि ते भराभर स्वस्त होत गेलं. १९७० च्या आसपास स्विस घड्याळ उद्योगात साधारण ९० हजार लोक कामाला होते, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ३० हजारांच्या आसपास उरले, म्हणजे तीनातले दोन गेले. बुडत्या कंपन्या वाचवायला १९८३ मध्ये दोन मोठे समूह एकत्र केले गेले. एकात लाँजिन होतं, दुसऱ्यात ओमेगा आणि टिसॉट, आणि या सगळ्याची घडी निकोलस हायेक यांनी बसवली, तोच समूह आज स्वॉच ग्रुप म्हणून ओळखला जातो. आता एकाच घरात दोन थोरले कसे चालतील? म्हणून ओमेगा वर, लाँजिन मध्ये, टिसॉट त्याखाली अशी मांडणी झाली. तुमचा मित्र जी पायरी सांगतोय ती ही. हा धंद्याचा निर्णय होता आणि धंदा म्हणून योग्यच होता, पण आजोबांच्या घड्याळातल्या मशीनबद्दल तो काहीही सांगत नाही.

भावाचं मात्र वेगळं. १३झेडएनवाल्या क्रोनोग्राफना आज लिलावात भरपूर पैसे मिळतात, पण साधी तीन काट्यांची लाँजिन त्या काळात खूप बनली, म्हणून आजोबांचं घड्याळ तसं असेल तर मान मोठा आणि भाव बेताचा असं होणार. मशीनवरचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि कंपनीला विचारा, त्यांच्या जुन्या रजिस्टरमध्ये ते कधी आणि कुठल्या देशात पाठवलं गेलं याची नोंद बहुतेक वेळा मिळते.

प्रश्न: आमचे काका ठामपणे सांगतात की त्यांच्या तरुणपणी ओमेगा रोलेक्सच्या तोडीचं, किंबहुना वरचं समजलं जायचं. मग आज दोघांच्या जुन्या घड्याळांच्या किमतीत एवढं अंतर का?

काका खरं बोलतायत. १९५० आणि ६० च्या दशकात ओमेगा रोलेक्सपेक्षा कितीतरी जास्त घड्याळं बनवायचं, वेधशाळांच्या अचूकतेच्या स्पर्धांमध्ये ओमेगाची मशीनं सतत वरच्या नंबरात असायची, आणि १९५२ पासूनचं कॉन्स्टेलेशन हे घालणाऱ्याने मुद्दाम बाही वर करावी असं घड्याळ होतं. त्यात १ मार्च १९६५ ला नासाने स्पीडमास्टरला अंतराळवीरांसाठी मान्यता दिली आणि १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते घालून चंद्रावर उतरले. एवढं सगळं असताना मागे पडायचं कारण काय?

माझ्या मते दोन कारणं. पहिलं मालकीचं. रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ १९६० मध्ये गेले आणि कंपनी त्यांच्या नावाच्या फाउंडेशनकडे राहिली, आजही तिथेच आहे, म्हणजे शेअर बाजाराचं टेन्शन नाही, कुणी विकत घेण्याची भीती नाही, दर पाच वर्षांनी नवा साहेब येऊन नवी दिशा असला प्रकार नाही. दुसरं म्हणजे हट्टीपणा. १९५३ ची रोलेक्स सबमरिनर आणि आजची शेजारी ठेवा, लहान मूलही सांगेल की ही एकाच घरातली. ओमेगाने ७० च्या दशकात गोल, चौकोनी, टीव्हीच्या आकाराची, क्वार्ट्झ, ट्यूनिंग फोर्कची, एलईडीची, जे चालेल ते काढलं आणि त्या गर्दीत एक चेहरा म्हणून राहिला नाही. रोलेक्सनेही क्वार्ट्झ बनवलं बरं का, पण थोडंच, आणि त्यावर सगळं नाव पणाला लावलं नाही.

म्हणजे आजचं अंतर हे १९६० मध्ये कोण चांगलं बनवायचं यावरून पडलेलं नाही, ते नंतरच्या चाळीस वर्षांत कोण कसं वागलं यावरून पडलंय. विकत घेणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे. ६० च्या दशकातलं कॅलिबर (मशीनचा मॉडेल नंबर) ५६१ किंवा ५६४ असलेलं कॉन्स्टेलेशन, क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत पास झाल्याचं, सर्टिफिकेट मिळालेलं मशीन, त्या वेळच्या रोलेक्सच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात मिळतं आणि मशीन म्हणून ते कुठेही कमी नाही, हे मी अगदी जबाबदारीने सांगते. अजून एक बघा, जुन्या स्पीडमास्टरमध्ये १९६८ पर्यंत जे ३२१ मशीन यायचं ते लेमानिया या कंपनीच्या डिझाइनचं, आणि त्याच जातीचं मशीन पुढे सगळ्यात महागड्या ब्रँडपैकी एक असलेल्या पाटेक फिलिपने आपल्या क्रोनोग्राफमध्ये वापरलं, अर्थात त्यावर स्वतःचं बारीक फिनिशिंग करून. पाया एकच, नाव बदललं की किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

प्रश्न: जे घड्याळ नवीन असताना कुणी घेतलं नाही तेच पुढे सगळ्यात महाग होतं असं वाचलं. हे कसं काय?

खपलं नाही म्हणजे कमी बनलं, कमी बनलं म्हणजे दुर्मिळ झालं, इथपर्यंत सोपं आहे. पण नुसत्या दुर्मिळपणाने काही होत नाही, कुणालातरी ते हवंसं वाटावं लागतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोलेक्स डेटोनाचं. ६० च्या दशकात तिची एक वेगळी डायल यायची, छोट्या गोलांमधले आकडे जरा नक्षीदार, रेषांच्या टोकाला चौकोनी ठिपके. दुकानात ती पडून राहायची. पुढे लोकांच्या लक्षात आलं की नट आणि रेसिंग ड्रायव्हर पॉल न्यूमन हीच डायल घालायचे, इटलीतल्या संग्राहकांनी आधी ती उचलायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. खुद्द न्यूमन यांचं घड्याळ त्यांच्या पत्नीने दिलेलं, पाठीवर "ड्राइव्ह केअरफुली मी" असं कोरलेलं, ते त्यांनी १९८४ मध्ये मुलीच्या तेव्हाच्या मित्राला सहज देऊन टाकलं. २६ ऑक्टोबर २०१७ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. आणि आत मशीन कुठलं, तर व्हॅल्जू ७२ च्या पायावरचं, म्हणजे जे त्याच वर्षांत ह्युअर कॅरेरामध्ये आणि इतर कितीतरी ब्रँडमध्ये बसायचं तेच कूळ.

तसंच ओदेमार पिगेचं रॉयल ओक. १९७२ मध्ये स्टीलचं घड्याळ सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग लावलं, वर काचेभोवती आठ स्क्रू उघडे ठेवले, लोकांना ते पचायला वेळ लागला. आज ती कंपनी जवळजवळ त्या एका डिझाइनवर उभी आहे.

पण हे वाचून कुणी न खपलेली घड्याळं गोळा करायला लागू नका प्लीज. न खपलेली हजारो मॉडेल होती आणि त्यातली बहुसंख्य आजही कुणाला नकोयत, आपल्याला फक्त नशीब उघडलेली चार-दोन माहीत असतात. माझा अनुभव असा की तीन गोष्टी एकत्र आल्या तरच असं काही घडतं: डिझाइन लांबून ओळखू येणारं, मागे खरी आणि सांगता येण्याजोगी गोष्ट, आणि आत असं मशीन की ज्याची दुरुस्ती अजून होऊ शकते. तिसरी गोष्ट लोक विसरतात, आणि सुरुवातीची कित्येक क्वार्ट्झ घड्याळं नेमकी तिथेच मार खातात, इतिहास केवढा मोठा पण सर्किट गेलं की पार्ट नाही.

प्रश्न: माझं जुनं घड्याळ फक्त ३४ मिमीचं आहे. लहान साइजमुळे किंमत कमी होते का?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हो, चांगलीच व्हायची. १९४०-५० च्या काळात पुरुषांची घड्याळं साधारण ३१ ते ३६ मिमीची असायची, मग २००० नंतर थाळीएवढ्या घड्याळांची फॅशन आली आणि ही सगळी "बायकी" म्हणून बाजूला पडली. आता वारं उलटं फिरलंय, कार्टिएची छोटी पातळ घड्याळं परत जोरात आहेत. साइज ही निव्वळ फॅशन आहे, ती येते आणि जाते, त्यासाठी घाईत विकू नका आणि घाईत घेऊही नका.

प्रश्न: जुन्या जपानी घड्याळांना किंमत नसते असं एका दुकानदाराने सांगितलं. खरंय?

नाही, आणि हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

२५ डिसेंबर १९६९ ला सिकोने टोकियोत अ‍ॅस्ट्रॉन आणलं, जगातलं पहिलं विक्रीला आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, किंमत ४,५०,००० येन, म्हणजे तेव्हा तिथे छोटी मोटार येईल एवढी. पुढच्या दहा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की सिको म्हणजे स्वस्त आणि टिकाऊ अशीच प्रतिमा सगळीकडे पक्की झाली. जिंकल्याचा तोटा झाला म्हणा ना. त्या प्रतिमेखाली काय दबलं गेलं तर त्यांचं आधीचं चावीच्या घड्याळांचं काम. ग्रँड सिको ही त्यांची वरच्या दर्जाची मालिका १९६० पासून आहे. १९६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यूशाटेल वेधशाळेच्या स्पर्धेत सिकोच्या दोन कारखान्यांनी कंपन्यांच्या यादीत दुसरा आणि तिसरा नंबर काढला, आणि १९६८ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत मेकॅनिकल मनगटी घड्याळांमध्ये तर सिकोच पुढे होतं. स्विस लोकांच्या घरात जाऊन, स्विस लोकांच्या नियमांनी.

१९६७ चं ग्रँड सिको ४४जीएस बघायला मिळालं तर सोडू नका. केस तिरपी धरा, कडा अशा सरळ आणि पृष्ठभाग असे आरशासारखे की नळीच्या लाइटचं प्रतिबिंब कुठेही वाकडं होत नाही. आणि म्हणूनच कुणी मशीनवर धरून त्याला पॉलिश मारलं की ते घड्याळ संपलंच, कारण कडा गोल झाल्या की परत येत नाहीत. २०१७ मध्ये कंपनीने ग्रँड सिको हा वेगळा ब्रँड केला आणि तेव्हापासून जुन्या ग्रँड सिकोकडे आणि तिच्या जोडीच्या किंग सिको मालिकेकडे बघायची लोकांची नजरच बदलली. पिवळ्या डायलचं सिको ६१३९ क्रोनोग्राफ घ्या, अंतराळवीर विल्यम पोग यांनी ते १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर नेलं होतं, एकेकाळी भंगारात मिळायचं, आता चांगल्या ओरिजिनल पीससाठी शोधाशोध करावी लागते. दुकानदाराची माहिती तीस वर्षं जुनी आहे.

प्रश्न: वॉल्थम लिहिलेलं मनगटी घड्याळ आहे, आत मात्र स्विस मशीन. नकली आहे का?

असेलच असं नाही. वॉल्थम ही अमेरिकेतली एकेकाळची बलाढ्य कंपनी, खिशातली आणि रेल्वेची घड्याळं यंत्रांवर मोठ्या संख्येने बनवायची पद्धत जगाला त्यांनीच दाखवली. १९५७ मध्ये त्यांचं घड्याळ बनवणं बंद पडलं पण नाव विकलं गेलं आणि स्विस मशीनवर ते नाव पुढे चालत राहिलं. म्हणजे कायदेशीर आहे, पण त्या जुन्या कारखान्याशी नात्याने काही नाही, आणि भावही तसाच. एल्जिन, ग्रुएन यांचीही थोडीफार हीच कथा. हॅमिल्टन जरा नशीबवान, १९५७ मध्ये बॅटरीवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ त्यांनी आणलं, १९६९ मध्ये अमेरिकेतलं उत्पादन थांबलं, पण पुढे स्वॉच ग्रुपमध्ये ब्रँड नीट सांभाळला गेला. अशा नावांच्या बाबतीत डायल वाचायच्या आधी मशीन वाचा.

प्रश्न: बंद पडलेला ब्रँड परत सुरू झाला की जुन्या घड्याळांचे भाव वाढतात का? युनिव्हर्सल जिनिव्हाबद्दल ऐकलं म्हणून विचारतोय.

वाढतात, पण सरसकट नाही. युनिव्हर्सल जिनिव्हा १८९४ चं, ४० च्या दशकात त्यांचे क्रोनोग्राफ एकदम वरच्या दर्जाचे. १९५४ मध्ये उत्तर ध्रुवावरून जाणाऱ्या स्कँडिनेव्हियन विमानांसाठी त्यांनी पोलराउटर काढलं आणि ते डिझाइन केलं जेराल्ड जेंटा यांनी, तेव्हा विशीतले, पुढे रॉयल ओक आणि पाटेकचं नॉटिलस करणारे तेच. एवढं सगळं असून क्वार्ट्झच्या लाटेत कंपनी जी बसली ती उठलीच नाही, आणि कितीतरी वर्षं पोलराउटर अगदी किरकोळीत मिळायची. भाव आधी संग्राहकांनी चढवला. फॉर्म्युला वन ड्रायव्हर योखेन रिंट यांची पत्नी निना रिंट यांचे फोटो बघून लोक त्यांच्या हातातल्या पांढऱ्या डायलच्या कॉम्पॅक्स या मॉडेलच्या मागे लागले. मग डिसेंबर २०२३ मध्ये ब्राइटलिंग या दुसऱ्या स्विस घड्याळ कंपनीने ब्रँड घेतल्याची बातमी आली. म्हणजे गंमत बघा, कंपनीने ब्रँड घेतला कारण लोकांनी जुन्या घड्याळांचं नाव आधीच वर नेलं होतं. पण ७०-८० च्या दशकातली त्यांची साधी क्वार्ट्झ घड्याळं आहेत तिथेच आहेत.

झेनिथचं सांगायलाच हवं. त्यांनी जानेवारी १९६९ मध्ये एल प्रिमेरो जाहीर केलं, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, तासाला ३६,००० ठोके. १९७५ मध्ये तेव्हाच्या अमेरिकन मालकांनी हुकूम काढला की मेकॅनिकल बंद, हत्यारं भंगारात घाला. स्वित्झर्लंडमधल्या ल लोकलच्या कारखान्यातले शार्ल व्हर्मो नावाचे कामगार-तंत्रज्ञ, त्यांनी ऐकलं नाही. प्रेस, कॅम, कटिंगची हत्यारं त्यांनी गुपचूप माळ्यावर नेऊन ठेवली, काय कुठे आणि कशासाठी हे नोंदवून ठेवलं, आणि माळ्याची वाट बंद केली. ८० च्या दशकात परत मागणी आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, आणि १९८८ पासून २००० पर्यंत रोलेक्सने डेटोनात एल प्रिमेरोच्याच पायावरचं मशीन वापरलं. त्या एका माणसाने ऐकलं असतं तर आज झेनिथ हे नाव आपण वॉल्थमच्या ओळीत घेतलं असतं.

प्रश्न: वडिलांचं ओमेगा कळकट झालं होतं म्हणून डायल नवीन रंगवून, केस पॉलिश करून आणली, आता नव्यासारखं दिसतं. घेणारा म्हणतो किंमत निम्म्याहून कमी झाली. फसवतोय का?

नाही, दुर्दैवाने तो खरं सांगतोय. तुम्ही प्रेमाने केलंत आणि घालायला ते छानच दिसत असेल, घालत राहा. पण बाजार ओरिजिनल डायलला पैसे देतो, मग ती पिवळट का असेना, आणि चांगल्या ब्रँडच्या घड्याळात किमतीचा मोठा हिस्सा त्या एका पत्र्यात असतो.

घेताना डायल भिंग लावून बघा. ओरिजिनल छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ कापल्यासारख्या असतात आणि शाई किंचित उठलेली दिसते, रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाडी, पसरट, एखादं थोडं तिरकं. मिनिटांच्या रेषा तासाच्या खुणांच्या बरोबर समोर येतात का? क्रोनोग्राफ असेल तर छोटे गोल बाहेरच्या रेषांना कसे कापतात ते त्याच मॉडेलच्या खात्रीच्या फोटोशी ताडून बघा. अगदी खाली सहाच्या बाजूला "स्विस" किंवा "स्विस मेड" काचेच्या कडेखाली कसं बसलंय तेही, रंगवणाऱ्यांची चूक बहुतेक तिथे सापडते. काट्यांवरचा अंधारात चमकणारा मसाला आणि डायलवरचा मसाला एकाच रंगाचा म्हातारा झालाय का? "टी स्विस टी" लिहिलं असेल तर तो ट्रिटियमचा, म्हणजे वर्षं गेली तशी चमक विझत जाणारा, आणि इतक्या वर्षांनंतर तो लख्ख चमकत असेल तर कुणीतरी नवीन भरलाय. ६० च्या दशकाच्या आधीच्या घड्याळात मसाला रेडियमचा असू शकतो, तो चमकायचा थांबला तरी किरणं थांबत नाहीत, चमकणारं रसायन तेवढं मरतं, म्हणून अशी डायल घरी उघडू नका, खरवडू तर अजिबात नका, ती धूळ श्वासात जाणं वाईट.

आणि हा फक्त लहान-सहान घेणाऱ्यांचा प्रश्न नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात एक १९५७ च्या जातीचं स्पीडमास्टर, मॉडेल २९१५-१, डायल उन्हाने चॉकलेटी झालेली, ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. विकत घेणारं होतं खुद्द ओमेगा, त्यांच्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जुळवून उभं केलेलं होतं आणि त्यात त्यांच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी ते मॉडेल बनवलं त्यांची ही गत, तर ब्रँडच्या नावाकडे बघून आपण निश्चिंत कसे राहणार?

प्रश्न: गुंतवणूक म्हणून जुनी घड्याळं घ्यावीत का?

माझं उत्तर नाही. २०२१ च्या सुरुवातीला पाटेकचं नॉटिलस ५७११ बंद होतंय कळलं, त्याच डिसेंबरमध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या निळ्या डायलचं एक ५७११ न्यूयॉर्कला ६५ लाख डॉलरला गेलं, सगळ्यांना वाटलं हे असंच चालणार, आणि २०२२ मध्ये सेकंडहँड बाजार खाली यायला लागला. ज्यांनी वरच्या टोकाला घेतलं ते अडकले. जुन्या घड्याळात शिवाय सर्व्हिसिंगचा खर्च, पार्ट न मिळणं, विकताना लिलाववाल्यांचं कमिशन. आवडतं म्हणून घ्या.

प्रश्न: आजीचं आणि आजोबांचं अशी दोन सोन्याची घड्याळं आहेत, चालत नाहीत. सोन्याचा भाव चढलाय तर वजनावर विकावीत का?

थांबा जरा. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलर औंसापर्यंत गेलं होतं तेव्हा जगभर लोकांनी हेच केलं, केस वितळवल्या आणि मशीन बाजूला फेकलं. आजही जुन्या सामानात उत्तम उत्तम ब्रँडची मशीनं डायलसकट अशी उघडी सापडतात, केस नसलेली, आणि ती बघून जीव तुटतो. वितळवलेल्यात कुठली दुर्मिळ घड्याळं होती हे आता कधीच कळणार नाही.

उलट बाजूही सांगते. सोनं म्हणून घड्याळ महाग हे गणित जुन्या घड्याळांत नेहमी लागू पडत नाही. पाटेकचं १५१८ घ्या, १९४१ पासूनचं, कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ एकत्र, जवळजवळ सगळी सोन्याची, स्टीलची फक्त चार माहीत आहेत, आणि २०१६ मध्ये त्यातलं एक १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. सोन्याची केस असलेलं साधं घड्याळ, विशेषतः बायकांचं छोटं, कमी नावाच्या ब्रँडचं, त्याचा बाजारभाव मात्र खरोखर सोन्याच्या वजनाच्या आसपासच असतो, कधी त्याहून कमीही, हे कडू आहे पण खरं आहे.

म्हणून आधी घड्याळजीकडून दोन्ही उघडून घ्या. मशीनवरचं नाव आणि नंबर, केसच्या आतल्या बाजूचे शिक्के, यांचे स्पष्ट फोटो काढा. केस भरीव सोन्याची आहे का सोन्याचा पत्रा चढवलेली तेही तिथेच कळेल, पत्र्याची असेल तर वजनाचा विषयच मिटला. नंबर कंपनीला पाठवून उत्तराची वाट बघा, वेळ लागतो. चालत नाही म्हणून जोर लावून चावी देऊ नका, तेल वाळलेलं असतं, दाते झिजतात. आणि दुरुस्तीला टाकलंत तर आधीच सांगून ठेवा की डायल पुसायची नाही, केस पॉलिश करायची नाही, आणि काटा, चावी, काच, जे काही बदलाल ते जुनं पाकिटात घालून परत द्यायचं.